बामाने जाते आणि पंधरा दिवसांनी परत येते: हिंडत्या-फिरत्या तरुणांची मान-पाठदुखी

तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते. "मानेच्या मुळाशी आणि दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मध्ये ठणकतं. बाम लावला, शेक दिला की जातं. पंधरा दिवसांनी परत." सांगणारी मुलं-मुली विशी-तिशीतली, अंगाने धडधाकट. कुणी भाट्याच्या किनाऱ्यावर रोज धावणारं, कुणी कबड्डीच्या संघातलं, कुणी पोलीस भरतीच्या तयारीत, कुणी तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेणारं, कुणी मोसमात आंबा उतरवणारं. खुर्चीत बसून राहणाऱ्यांची मान दुखते हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच "मी तर दिवसभर उभा-आडवा राबतो, मग मला का?" हा प्रश्न हमखास येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिजिओथेरपी करताना तो इतक्यांदा ऐकलाय, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

थोडक्यात सांगायचं तर तुमचं शरीर भरपूर हलतं, पण तेच तेच आणि बहुतेक वेळा एकाच बाजूने. शिवाय आपल्याकडे कामाचा भार मोसमावर चालतो. शिमग्यात चार रात्री पालखी, लगेच आंबा, जून-जुलैत लावणी, मासेमारी बंदी उठली की पहाटेपासून जाळी, मग गणपतीत रात्र रात्र भजन आणि ढोल. मधले आठवडे मात्र खांद्यांना फारसं काम नसतं. स्नायूला सवय नसलेला भार एकदम आला की तो कुरकुरतो. शेक आणि बाम ती कुरकुर शांत करतात, स्नायूची ताकद मात्र होती तेवढीच राहते. पुढचा भार आला की तीच जागा पुन्हा बोलते.

आधी हे तपासून घ्या

तरुण वयातलं मानेचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं बहुतेक दुखणं स्नायू आणि सांध्यांचं असतं आणि ते बरं होतं. तरीही काही लक्षणं दिसली तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

हातात मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहणं, पकड सैल होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना पाय अडखळणं किंवा तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यातल्या शेवटच्या दोन्हीत तर त्याच दिवशी दवाखाना. अपघातानंतर, पडल्यावर किंवा कबड्डीतल्या पकडीत मानेला मार बसल्यावर दोन्ही हातांत किंवा पायांत झिणझिण्या आल्या, तर त्या माणसाला उठवून बसवू नका, मान हलवू नका, १०८ ला फोन करा. उन्हाळ्यात नदीच्या कोंडीत (डोहात) किंवा विहिरीत डोक्याकडून सूर मारणाऱ्या मुलांना हे घरी बजावून सांगा. पाणी कमी निघालं तर मानेचा मणका मोडतो आणि आयुष्यभराचं अपंगत्व येतं. अनोळखी पाण्यात आधी पाय टाकूनच उतरायचं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. लावणीनंतर ताप आला, डोकं दुखतंय, अंग, पाठ आणि विशेषतः पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल झालेत, तर ते चिखलात वाकल्याचं दुखणं समजून तेल चोळत बसू नका. लेप्टो असू शकतो. उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शिरतो आणि उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंड व यकृतावर जातो. ताप असताना मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी परस्पर आणून घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासोबत मान इतकी ताठ, की हनुवटी छातीला टेकत नाही, अशी स्थिती असेल तर थेट मोठं रुग्णालय.

दोन दुखणी तरुणांमध्ये वर्षानुवर्षं "स्नायू आखडलाय" या नावाखाली लपतात. एक मणक्याचा क्षयरोग: संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं, मणक्यावर एका ठरावीक जागी दाबल्यावर कळ. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत सुरू झालं तर रोग बरा होतो. दुसरं सांध्यांच्या दाहाचं दुखणं: तीन महिन्यांहून जास्त काळ, सकाळी अर्धा तास तरी पाठ ताठ, पहाटेच्या सुमारास दुखण्याने जाग, आणि हालचाल केली की उलट बरं वाटणं. विश्रांतीने वाढणारं आणि चालल्याने कमी होणारं दुखणं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवाच.

आणि छातीत दाब, धाप, घाम आणि त्यासोबत पाठीत किंवा डाव्या हातात कळ असेल, तर वय पंचवीस असलं तरी आधी हृदय तपासायचं.

दुखतं कधी, ते लिहून ठेवा

वरचं काही नसेल तर पुढचे दोन आठवडे फोनमध्ये रोज एक ओळ लिहा. किती वाजता दुखायला लागलं, त्याआधी दोन तास काय केलं, आदल्या दिवशी काय वेगळं केलं, झोप किती झाली. एवढंच. मानेचं दुखणं बऱ्याचदा त्या कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जोर धरतं, म्हणून आदल्या दिवसाची नोंद सोडू नका. "दुखतं कुठे?" याला सगळे एकाच जागी बोट ठेवतात: मानेच्या मुळापासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतची ती पट्टी. तिथे दोन स्नायू एकावर एक आहेत. वरचा रुंद, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला. खालचा अरुंद, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून फऱ्याच्या कोपऱ्याला जाऊन चिकटणारा. हात वर करा, ओझं उचला, खांदा कानाकडे ओढून धरा, प्रत्येक वेळी या दोघांवरच भार. त्यामुळे जागा बघून कारण कळत नाही. वेळ बघून कळतं.

सकाळी उठतानाच मान धरलेली

"मान वळवूक येणा नाय," असं म्हणत अख्खं धड वळवून बघणारा माणूस दारात दिसला की काय झालंय ते कळतंच. हा प्रकार घाबरवणारा असला तरी बहुतेकांचं तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात सुटतं. एरवी महिन्याला एकदा होत असेल तर झोपण्याची पद्धत बघा. पोटावर झोपणाऱ्याची मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. ती सवय मोडणं हाच उपाय. कुशीवर झोपत असाल तर उशीची जाडी खांद्यापासून कानापर्यंतची पोकळी भरेल एवढी हवी. उताणं झोपत असाल तर त्याहून पातळ. फरशीवर चटई टाकून हाताची उशी करणाऱ्यांना, ट्रॉलरवर दोरांच्या भेंडोळ्यावर डोकं टेकणाऱ्यांना मी एकच सांगते: एक चादर घट्ट गुंडाळून मानेच्या पोकळीखाली घ्या. महागडी उशी घ्यायची गरज नाही.

मान धरलेली असताना ती झटका देऊन सोडवू नका, कुणाकडून सोडवूनही घेऊ नका. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान इकडून तिकडे कडकन मोडून घेण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो, त्याने काही "बसत" नाही. पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि तरुण माणसाला पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. काही मिनिटांच्या सैलपणासाठी हा धोका घेण्यासारखा नाही. मान मोडून घेतल्यावर पूर्वी कधी नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, बोलताना जीभ जड होणं, दोन-दोन दिसणं यातलं काही झालं तर तडक रुग्णालय.

हात डोक्यावर आणि नजर वर: आंब्याचा मोसम

मार्च ते मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांत बागेत राबणारी पोरं बरीच असतात. झेला, म्हणजे टोकाला पातं आणि जाळी लावलेली लांब काठी, घेऊन आंबा उतरवणाऱ्याला थोडा वेळ बाजूला उभं राहून बघा. उजवा हात काठीच्या टोकाशी, डावा त्याच्या वीतभर पुढे. काठीचं दुसरं टोक दहा-बारा फुटांवर, तिथे जाळीत तीन-चार फळं. नजर वर, त्यामुळे मान मागे मोडलेली, तोंड किंचित उघडं. देठ पात्यात अडकवायला काठीला हिसका दिला की उजवा खांदा कानाला भिडतो. मग काठी खाली, आंबे क्रेटमध्ये, आणि पुन्हा तेच. उन्हं चढेपर्यंत असं किती वेळा होतं याची गणती कुणी करत नाही.

जाळीतल्या तीन-चार हापूसचं वजन एक किलोच्या आसपास. पण ते काठीच्या टोकाला असल्यामुळे हातांवर त्याच्या कितीतरी पट भार येतो, आणि दोन्ही हात जितके जवळजवळ, तितका तो जास्त. म्हणून पहिली दुरुस्ती इथे. पुढचा हात काठीवर आणखी हातभर पुढे सरकवा. दुसरी, पायांची. फळ डोक्याच्या अगदी वर असेल तर मान मोडण्यापेक्षा तीन पावलं मागे या आणि तिरकं काढा. तिसरी, जाळी भरायची वाट न बघता दोन फळांनंतर उतरवा. वेळ वाढेल असं बागायतदार म्हणतात, पण दुपारपर्यंत हात टिकला तर वेळ वाचतो. चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: अर्ध्या-पाऊण तासाने काम बदला. झेल्यावरचा क्रेट भरायला, क्रेट भरणारा झेल्यावर. मधल्या दोन मिनिटांत हात खाली सोडून खांदे मागे गोल फिरवा, हनुवटी छातीकडे न्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला तो देठासह, फळ न दुखावता आंबा उतरावा म्हणून. काढणाऱ्याचा खांदा मात्र त्यालाच जपायचा आहे.

पालखी नाचवणाऱ्यांना हेच लागू. दांडा ज्या खांद्यावर येतो तिथला स्नायू दबतो आणि चार दिवस ठणकतो. खांदा बदला, दांड्याखाली टॉवेलची जाड घडी ठेवा, आणि शिमग्याआधी महिनाभर दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन चालायचा सराव करा. वर्षभर काही न करता एका रात्रीत खांदा तयार होत नाही.

गोळा, जिम आणि भरतीचं मैदान

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर आणि १०० मीटर धावण्यासोबत गोळाफेक असते. पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर धावणं आणि ४ किलोचा. धावण्याचा सराव पोरं महिनोन् महिने करतात, गोळ्याचा शेवटच्या तीन आठवड्यांत. मग एका संध्याकाळी चाळीस-पन्नास फेकी, त्याही फक्त उजव्या हाताने. दुसऱ्या दिवशी मानेची उजवी बाजू दगडासारखी.

गोळा धरताना नीट बघितलं तर चूक सापडते. गोळा तळहातात बसवलेला असतो आणि तो सुटू नये म्हणून मान त्याच्यावर वाकवून दाबलेली असते. खरं तर तो बोटांच्या मुळाशी धरायचा, जबड्याखालच्या खोबणीत टेकवायचा आणि कोपर बाजूला वर ठेवायचं. आधार हाताचा, मान फक्त टेकलेली. जोर पायातून आणि कमरेतून यायला हवा. नुसत्या हाताने ढकलणाऱ्याचं डोकं फेकताना डावीकडे हिसकतं आणि दुखणं तिथून सुरू होतं. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, एका वेळी पंधरा-वीस फेकी, आधी हलक्या वजनाने, आणि चाचणीच्या दोन-तीन महिने आधीपासून. एवढं केलं तर दुखण्याचं कारण उरत नाही.

जिममध्ये मला दोन गोष्टी सतत दिसतात. छाती आणि दंड यांचे व्यायाम आठवड्यात चार दिवस, पाठीचा एक, तोही उरकलेला. ढकलण्याइतकंच ओढण्याचंही काम असायला हवं, आणि ज्याची मान वारंवार धरते त्याने काही महिने ओढणं जास्त ठेवावं. दुसरी, स्क्वॉट (वजनाचा बार खांद्यांवर घेऊन उठबशा) करताना बार मानेच्या मुळाशी वर आलेल्या हाडावर ठेवणं. तो त्याच्या खाली, फरे मागे ओढल्यावर जी मांसल कड तयार होते तिच्यावर हवा. पोटाचे व्यायाम करताना हातांनी डोकं पुढे ओढणं आणि बार मानेमागे खाली आणणं, या दोन्ही सवयी सोडून दिल्याने कुणाचंही नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

गाडी, फोन, लॅपटॉप

चिपळूण ते संगमेश्वर रोज दुचाकीने जाणाऱ्याला दिवसाला दोन तास हादरे बसतात, हेल्मेटचं वजन डोक्यावर असतं आणि खड्डा दिसला की खांदे आपोआप वर जातात. सिग्नलला, फाट्यावर, जिथे थांबाल तिथे खांदे मुद्दाम खाली सोडा. हँडल इतकं लांब नको की कोपरं ताठ राहतील. सॅक दोन्ही खांद्यांवर, पट्टे आखूड. आणि फोन कान-खांद्यात किंवा हेल्मेटमध्ये खुपसून बोलत गाडी चालवणं मानेसाठीही वाईट आणि जिवासाठीही.

फोनबद्दल थोडं वेगळं मत मांडते. मान ६० अंशांत वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, असं चित्र सगळीकडे फिरतं. तो गणिती प्रतिमानावरून काढलेला अंदाज आहे, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला आकडा नव्हे. मान वाकवण्यासाठीच बनली आहे. भात लावताना बायका तासन् तास वाकतातच की. त्रास होतो तो एकाच स्थितीत न हलता राहण्याने, आणि रात्री एक वाजेपर्यंत फोन बघून झोप पाच तासांवर आणण्याने. कमी झोप आणि मनावरचा ताण यांनी दुखणं जास्त जाणवतं. भरतीचा निकाल लांबला की मानदुखीचे पेशंट वाढतात, हे मी दरवेळी बघते. घरून काम करणाऱ्यांनी पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेण्यापेक्षा तो डब्यावर उंच ठेवावा, वेगळा कीबोर्ड जोडावा आणि अर्ध्या तासाने उठून पडवीत एक फेरी मारावी.

पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी द्यायलाच हवी. अॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामा असतानाही १४ किलोच्या आसपास भरतो. तो एका हाताने वाळूतून ओढत नेण्यापेक्षा दोघांनी उचला किंवा पाठीला लावून चाला. पण बुडी मारून वर आल्यावर काही तासांत खांद्यात किंवा पाठीत खोल दुखायला लागलं, सोबत मुंग्या, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर "सिलिंडर उचलल्यामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. रक्तात वायूचे बुडबुडे झाल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यावर तातडीने ऑक्सिजन लागतो.

कबड्डीत पकड करताना खांदा खाली आणि मान विरुद्ध बाजूला ओढली गेली की एका हातात विजेसारखी चमक जाते. काही सेकंदांत थांबली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. ताकद आणि स्पर्श दोन्ही हातांत सारखे आहेत याची डॉक्टरांकडून खात्री झाल्याशिवाय तर नाहीच.

ताकद वाढवायची कशी

इथे मी सगळ्यात आग्रही आहे, कारण परत येणारं दुखणं थांबवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कर्मचाऱ्यांपैकी काहींना रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम दिला, रोज फक्त २ मिनिटं, आठवड्यात ५ दिवस, १० आठवडे. दुखणं लक्षणीय कमी झालं. १२ मिनिटं करणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. फिनलंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८० महिलांवर वर्षभर पाहिलं, तर नुसत्या ताणाच्या व्यायामांपेक्षा ताकदीच्या व्यायामांनी खूप जास्त आराम पडला. आपल्याकडे मात्र दुखलं की मान चारी दिशांना वाकवणं एवढाच व्यायाम सांगितला जातो.

पट्टा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चालते. वाल्व्ह कापून काढा, ट्यूब खिडकीच्या गजाला किंवा अंगणातल्या पोफळीला छातीच्या उंचीवर अडकवा. दोन्ही टोकं धरून कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या, फरे एकमेकांजवळ येतील, तीन आकडे मोजा आणि सावकाश सोडा. ट्यूब झटकन परत जाऊ दिली तर अर्धा फायदा गेला. खांदे कानाकडे सरकत असतील तर ट्यूब सैल करा. बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा दोनदा. मग ट्यूब पायाखाली दाबून हात जवळजवळ सरळ ठेवत बाजूला, किंचित पुढच्या दिशेने खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. त्याच्या वर नको.

मानेच्या पुढच्या खोल स्नायूंसाठी उताणं झोपा, डोकं जमिनीवरच ठेवून हलकेच "हो" म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्या, दहा आकडे धरा, सोडा. मानेची पुढची मोठी दोरी टचकन वर आली तर जोर जास्त लागतोय. दहा वेळा पुरे. पाठीचा वरचा भाग ताठ असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी फऱ्यांच्या खालच्या टोकाशी आडवी ठेवून त्यावर उताणं पडा, हात डोक्यामागे, श्वास सोडत हळूच मागे सैल व्हा. खाडीत पोहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना श्वास घ्यायची सवय लावावी.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. तसं झालं नाही तर पुढच्या वेळी जोर कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणं तिसऱ्या आठवड्यातच गेलं म्हणून ट्यूब खुंटीला टांगणाऱ्यांना मी पुढच्या मोसमात पुन्हा भेटते.

मध्येच पुन्हा धरली तर

धरेल. ताकद वाढत असतानाही एखाद-दोनदा उसण भरते आणि त्यामुळे केलेलं वाया जात नाही. पहिले दोन दिवस जड काम आणि खेळ थांबवा, पण अंथरुणाला खिळू नका. ज्या दिशेला मान सहज वळते तिथपर्यंत तासातासाला पाच-सहा वेळा वळवा. गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घरी करत असाल तर खुशाल करा, ऊब महत्त्वाची. खोबरेल तेलाने हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, अंगठा घुसवून गाठी फोडायला लावू नका. मानेचा पट्टा साध्या दुखण्यात लागत नाही. आठवडाभर घातला तर स्नायू आणखी आळसावतात. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडेच दिवस. दमा, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नाहीच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून निम्म्या जोराने व्यायाम पुन्हा.

एक्स-रे आणि एमआरआय

"गॅप आलाय", "नस दबलीय", "मान सरळ झालीय" हे शब्द ऐकून पंचविशीतली मुलं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १२०० हून जास्त लोकांचे एमआरआय काढले तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसल्या, विशीतल्यांमध्येही बहुसंख्यांच्या. मानेची कमान सरळ दिसणंही निरोगी माणसांत आढळतं आणि फोटो काढताना मान कशी धरली होती यावरही ते ठरतं. धोक्याची लक्षणं नसताना पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये एमआरआयवर घालवू नका. आणि रिपोर्टमधल्या त्या एका ओळीवरून खेळ, पोहणं, भरती सोडून देऊ नका.

सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही काहीच फरक नसेल, दुखणं दंडाखाली हाताकडे उतरत असेल किंवा रात्रीची झोप मोडत असेल, तर तपासून घ्या. जाताना फोनमधली दोन आठवड्यांची नोंद, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि असतील ते जुने रिपोर्ट सोबत न्या. झेला, गोळा किंवा सिलिंडर हाताळताना कुणाला तरी बाजूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तोही दाखवा. तपासणीच्या खोलीत न दिसणारं कारण त्यात बऱ्याचदा दिसतं.